ताप नाही म्हणूनच

मिनाबे, २८ जून २०१८

चि. शिओरीस आशीर्वाद.

आठवडाभर हवा इतकी दमट आहे की कपडे वाळत नाहीत आणि माझे केस अंगणातल्या झाडूसारखे झालेत. पत्राच्या सुरुवातीला हवामान लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आता कामाचं.

सोबतच्या खोक्यात मागच्या वर्षीची उमेची खारवलेली आंबट फळं आहेत. रोज एक खा. यंदाची फळं पिकून पडायला लागली आहेत. झाडाखाली जाळी अंथरलीय, सकाळ-संध्याकाळ वाकून वेचायची. शेजारचा माएगावा म्हणतो, "काकू, या वयात कशाला? मला बाग चालवायला द्या आणि स्वस्थ टीव्ही बघा." मी म्हटलं, "तू आधी तुझ्या झाडांची कीड बघ." मला कुणाची गरज नाही. मार्चपासून खांदे असे धरले होते की केस विंचरता येत नव्हते. डॉक्टरांनी छोट्या पांढऱ्या गोळ्या दिल्या, आणि तिसऱ्या दिवशी हात सरळ वरच्या फांदीला लागला. आता पोर झाले आहे.

फोनवर कानात शिट्टी वाजते, यंत्र लावलं तरी, म्हणून हे पत्र. कोसुकेबद्दल लिहायचं होतं. येत्या फेब्रुवारीत त्याला जाऊन दोन वर्षं होतील. अस्थिकलश अजून तुझ्याकडेच आहे. पहिल्या वर्षश्राद्धाला तू म्हणालीस बर्फामुळे विमानं रद्द झाली. झाली असतील. देवळातले गुरुजी भेटले की विचारतात, "मुलाला समाधीत कधी ठेवायचं?" मी म्हणते, सून कामात आहे. समाधीत त्याचे वडील एकटेच आहेत. मी घाई करत नाही, फक्त कळवते.

आणि एक. माएगावाने गावभर केलंय की कोसुकेची बायको साप्पोरोत उंदीर मारते. खरं काय आहे ते एकदा नीट लिही, म्हणजे त्याचं तोंड बंद करता येईल.

तुझी,
तोमिए


साप्पोरो, १५ जुलै २०१८

ती. आईंना शिओरीचा नमस्कार.

इथे हवा छान आहे. खिडकी उघडी ठेवून बसता येतं. खोकं मिळालं. रोज एक उमे खाते आहे, डब्यातल्या भातावर मधोमध ठेवून. प्रयोगशाळेत मी एकटी जेवते. बाकीचे सगळे कॅन्टीनमध्ये जातात. तक्रार नाही, तिथे फार गोंगाट असतो.

माएगावांचं बरोबर आहे, मी उंदीर मारते. पण त्याआधी बरंच काही असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगायचा प्रयत्न करते.

जंतू शरीरात शिरले की काही पांढऱ्या पेशी धावून जातात, त्यांना गिळतात, आणि गिळता गिळता आसपास आग लावतात. ताप, सूज, लाली ही त्या आगीचीच. आग लागायलाच हवी, नाहीतर जंतू मरणार कसे? पण ती वेळेवर आवरायलाही हवी. गंमत म्हणजे ती आवरायची सोयसुद्धा त्याच पेशींत असते. काही तासांनी त्या एक एन्झाइम तयार करतात. एन्झाइम म्हणजे पेशीतला कामगार समजा. हा कामगार पेशीच्या स्वयंपाकघरातला थोडा माल उचलतो आणि त्याचं एक आम्ल करतो. ते आम्ल साचलं की आग मंदावते. माझ्या उंदरांमध्ये हा कामगार जन्मापासूनच नसतो. मी त्यांना जंतू टोचते आणि काय होतं ते बघत बसते.

कोसुकेच्या डॉक्टरांनी शेवटी जे सांगितलं ते तुम्हीही ऐकलंत. "न्यूमोनियाचे जंतू औषधाने गेले होते. शरीर थांबलं नाही." तेव्हा मी दुसऱ्याच विषयावर काम करत होते. सहा महिन्यांनी सरांकडे जाऊन विषय बदलून मागितला. सर म्हणाले, "घरचं दुःख इथे आणायचं नसतं, शिओरी-सान." मग कागद ओढून घेतला आणि सही केली.

तुम्हाला आवडेल असं एक सांगते. हेच आम्ल एका बुरशीतही बनतं, आणि ती बुरशी आपल्याच देशात फार वर्षांपूर्वी उमेच्या खारात सापडली होती.

उन्हाळ्यात तिकिटं फार महाग असतात. थंडीत बघू.

तुमची,
शिओरी


मिनाबे, ६ ऑगस्ट २०१८

चि. शिओरीस आशीर्वाद.

ऊन असं आहे की छत्री घेतली तरी मेंदू शिजतो. उमे वाळवायला हीच हवा लागते. सुपात पसरलेत, दर तासाने एकेक उलटते आहे. बरण्या रिकाम्या करून धुतल्या.

तुझं पत्र माएगावाला वाचून दाखवलं. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "म्हणजे काकू, तुम्ही जन्मभर खारावरची बुरशी काढून फेकून देताय, आणि तुमची सून तीच उंदरात शोधते. घरातल्या घरात मिटवा की." मीही हसले. मग तो गेला, आणि मला हसू येईना.

कोसुके लहानपणी जेवढे उमे खायचा तेवढे या गावात कुणी खाल्ले नसतील. बियासुद्धा फोडून खायचा. त्याचा त्याला काहीच फायदा झाला नाही का? की खाऊन उपयोग नसतो? आणि तू लिहितेस की तुझ्या उंदरांत तो कामगार जन्मापासूनच नसतो. कोसुकेतही नव्हता का? जन्मापासून म्हणजे माझ्याकडूनच ना. त्याचा बाप बैलासारखा दणकट होता, झाडावरून पडून गेला, आजाराने नाही. मग उरले मीच. मी अडाणी आहे, पण एवढा हिशेब मला येतो. खरं ते लिही. मला गोड लागायला नको.

पुढच्या आठवड्यात ओबोन. दारात काड्या पेटवून मेलेल्यांना घरचा रस्ता दाखवायचा. मागच्या वर्षी पेटवल्या आणि मनात आलं, हा तर तुझ्या कपाटावर बसलाय, मग येईल कुठून? समुद्र ओलांडून? मग त्याच्या बापापुरत्या पेटवल्या असं म्हणून आत आले. यंदाही पेटवीन.

तुझी,
तोमिए


साप्पोरो, २ ऑक्टोबर २०१८

ती. आईंना नमस्कार.

इथे झाडं लाल झाली. उत्तराला फार उशीर झाला, माफ करा. काम होतं, पण कामामुळे नाही झाला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

खाऊन उपयोग नसतो. पेशीने आपलं आम्ल आपणच बनवावं लागतं, आत, आणि योग्य वेळी. हे सोपं होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की मला माहीत नाही. कोसुकेत तो कामगार होता की नव्हता, कमी होता की उशिरा आला, हे तपासायला आता माझ्याकडे त्याचं काहीही नाही. अस्थींतून ते कळत नाही, भट्टीत सगळं जातं. उंदरांत मी एकच गोष्ट काढून टाकते आणि एकच उत्तर येतं. माणसात असं सहसा नसतं. त्याला झोप नव्हती, तो ताप अंगावर काढून कामाला गेला, जंतू वाईट होते, दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. यातलं कशाने, ते कुणी सांगू शकत नाही. तुमच्याकडून आलं असं म्हणायला मला काहीच आधार नाही. आलं नाही असंही शपथेवर सांगता येत नाही. तुम्ही खरं मागितलंत, हे माझ्याकडचं सगळं खरं.

मागच्या महिन्यात विभागात उंदरांसाठी प्रार्थना झाली. दरवर्षी होते. इमारतीमागे एक दगड आहे, सगळे काळे कपडे घालून येतात, एकेक पांढरी शेवंती ठेवतात, वाकतात आणि परत कामाला लागतात. त्या आठवड्यातच माझा मोठा प्रयोग संपला होता. दोन्ही गटांतल्या उंदरांच्या रक्तात जंतू सारखेच निघाले. साध्या उंदरांतले बरेच जगले. माझे, बिनकामगाराचे, जवळजवळ सगळे गेले. जंतूंनी नाही, स्वतःच्याच आगीने. सर म्हणाले, "फार स्वच्छ निकाल आहे. अभिनंदन." आणि मी फूल ठेवायला वाकले ती उठताच येईना. ओकुई नावाचा विद्यार्थी मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "मॅडम, सर्दी झाली का?" मी हो म्हटलं. कोसुकेच्या अंत्यसंस्काराला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, ते तुम्ही पाहिलंत आणि मनात धरलंत, मला माहीत आहे. ते उंदरांपुढे आलं.

आई, तिकिटं महाग नसतात. बर्फाचंही खरं नव्हतं, त्या दिवशी विमानं उडत होती. मला तो देववत नाही. संध्याकाळी दार उघडून "मी आले" म्हणते, तेव्हा त्या घरात ऐकायला तेवढाच आहे.

शिओरी


मिनाबे, २० ऑक्टोबर २०१८

शिओरी,

पत्र मिळालं. खरं लिहिलंस, बरं केलंस.

कलश ठेव तुझ्याकडे. मी काही पदर पसरून मागत नाही. गुरुजींना सांगितलं, पुन्हा विचारू नका. नवरा गेल्यापासून ही बाग मी एकटीने सांभाळली, मुलगाही एकटीने वाढवला, पुढेही मला कुणाची गरज पडणार नाही.

हवा कोरडी आहे.

तोमिए


साप्पोरो, १० नोव्हेंबर २०१८

ती. आईंना नमस्कार.

पहिला बर्फ पडला आणि वितळला. तुम्ही रागावलात. रागवा, पण लिहायचं सोडू नका. तुमचं पत्र आलं नाही तर माझ्या पेटीत फक्त विजेचं बिल येतं.

इकडे फ्लूची साथ सुरू झाली आहे, तिकडेही येईल. तुम्ही रोज सकाळी काखेत थर्मामीटर लावता हे मला माहीत आहे, कोसुके त्यावरून तुम्हाला चिडवायचा. पुढच्या पत्रात आकडा लिहा. दुसरं काही लिहावंसं वाटलं नाही तर नुसता आकडा लिहून पाठवा. मला तेवढा पुरे आहे.

तुमची,
शिओरी


मिनाबे, ४ डिसेंबर २०१८

चि. शिओरीस आशीर्वाद.

आकडा ३६.१. झालं समाधान?

रागावले होते. आता नाही. राग धरायलाही अंगात जोर लागतो आणि सध्या छाटणीचे दिवस आहेत. अक्षर वाकडं आलंय त्याकडे बघू नकोस. मागच्या आठवड्यात फांदी ओढताना उमेचा काटा अंगठ्याच्या मुळाशी घुसला. दरवर्षीच घुसतो. काढला, औषध लावलं. हात जरा जाड झालाय, पण लाल नाही, दुखतही म्हणावं तसं नाही. सकाळी ताप बघते, रोज ३६ च्या आसपास. म्हणजे ठीकच आहे. माएगावा म्हणाला, "दाखवून या." मी म्हटलं, "ताप नाही तर डॉक्टरला काय दाखवू? त्याचा वेळ खायचा?"

झोप मात्र फार येते. काल दुपारी उन्हात बसले ती तशीच झोपले, माएगावा हाका मारत होता म्हणे, मला ऐकू आलं नाही. कानाचं यंत्र लावलं होतं की नव्हतं, आठवत नाही. परवा दोनदा भात शिजवला. एकदा झालाय हे विसरलेच. खाल्ला मात्र एकदाही नाही. म्हातारपण म्हणतात ते हेच असावं.

तुझ्या मागच्या पत्राचं उत्तर द्यायचं होतं, काय ते आता सुचत नाही. थंडी आहे की नाही तेही कळत नाही.

तोमिए


साप्पोरो, ७ डिसेंबर २०१८

ती. आईंना नमस्कार.

इथे गुडघाभर बर्फ. तुमचं पत्र आज दुपारी मिळालं आणि पहिली ओळ वाचूनच हायसं वाटलं. ३६.१ म्हणजे अगदी छान. काट्याची जखम स्वच्छ ठेवा आणि काम जरा कमी करा. राग गेला हे वाचून

हे पत्र मी प्रयोगशाळेत, जेवणाच्या डब्याशेजारी बसून लिहिते आहे. वरची ओळ अर्धी सोडून तुमचं पत्र पुन्हा वाचलं. आई, हात सुजलाय आणि लाल नाही. झोप येते, जेवण जात नाही, भात दोनदा शिजतो. आणि ताप नाही. त्या पांढऱ्या गोळ्यांचं नाव मी जूनमध्ये विचारायला हवं होतं. विचारलं नाही. खांदे तीन दिवसांत मोकळे करणारी छोटी पांढरी गोळी कोणती असते, हे मला झोपेतही सांगता येईल. स्टेरॉइड. पेशींचा ब्रेक बाहेरून, सगळ्या अंगभर दाबून धरणारं औषध. मी आग आवरणाऱ्या कामगारावर सव्वा वर्ष घालवलं, आणि आग आधीच दाबलेली असली तर जंतू आत आहेत हे कशावरून कळणार, ते मला तुमच्या पत्रात दिसलं नाही. आकडाही मीच मागितला होता.

आत्ता माएगावांना फोन केला. तुम्हाला आजच्या आज दवाखान्यात न्यायला सांगितलं आहे. हे पत्र टपालात टाकत नाही, माझ्याबरोबर आणते. संध्याकाळच्या विमानात जागा मिळाली.

शिओरी


मिनाबे, २७ डिसेंबर २०१८

चि. शिओरीस आशीर्वाद.

हवा कशी आहे ते खिडकीतून दिसतं तेवढंच. स्वच्छ आहे. उजव्या हाताला अजून पट्टी आहे म्हणून डाव्या हाताने लिहिते आहे. कोंबडी कागदावरून चालून गेल्यासारखं वाटेल.

तू गेल्यावर खोलीत समोरच्या खाटेवर एक बाई आली, दिवसभर मुलाशी फोनवर भांडते. त्यामुळे करमणूक आहे. डॉक्टर म्हणतात नवीन वर्षाला घरी. सात तारखेचं मला काही नीट आठवत नाही, ते आता माएगावाकडून ऐकलं, तुलाही सांगते. तो ट्रक घेऊन दारात आला आणि म्हणाला, "काकू, बसा गाडीत. सूनबाईंचा फोन होता." मी म्हटलं, "मला ताप नाही." तो म्हणाला, "ताप नाही म्हणूनच. त्यांनी मला तीनदा बजावलंय, ही बाई ताप नाही म्हणेल, तिचं ऐकू नका." मी म्हटलं, "बाई कुणाला म्हणतोस?" मग मी चपला शोधायला आत गेले आणि तिथेच बसले. त्याने मला पोत्यासारखं उचलून गाडीत टाकलं. खाली गावात आता हीच गोष्ट चालू आहे, मी सगळ्यांना पुरून उरणारी बाई माएगावाच्या खांद्यावर कशी दिसत होते म्हणून.

हाताच्या आत पू धरला होता आणि रक्तात जंतू उतरले होते. तो तरुण डॉक्टर म्हणाला, आणखी दोन दिवस झाले असते तर हात नाही, माणूसच गेला असता. त्याने त्या गोळ्या बंद केल्या नाहीत, उलट आधी वाढवल्या. मला वाटलं हा वेडा आहे. तू समजावलंस की त्या एकदम सोडता येत नाहीत, शरीर आपलं आपण सांभाळायचं विसरलेलं असतं. तू बोलत होतीस आणि तो डॉक्टर मान हलवत होता. मला फार बरं वाटलं. अभिमान म्हणतात तसलं.

तू आठ दिवस त्या लोखंडी खुर्चीवर झोपलीस. कोसुकेचं नाव आपण दोघींनी काढलं नाही. मी मुद्दाम काढलं नाही. मग तू निघताना म्हणालीस, "आई, तो पहिल्यांदाच घरात एकटा राहिला आहे." तेव्हा मला कळलं की तू त्याला सोडून आली होतीस. तेवढं मला पुरे. तो तुझ्याकडे राहू दे. हे रागाने लिहीत नाही, मागच्या वेळी लिहिलं होतं ते रागाने.

तुझी,
तोमिए


साप्पोरो, १४ जानेवारी २०१९

ती. आईंना नमस्कार.

थंडीने खिडकी आतून गोठली आहे. तुम्ही घरी पोचल्याचं माएगावांनी कळवलं. त्यांनी हेही कळवलं की तुम्ही दुसऱ्याच दिवशी कात्री घेऊन बागेत गेलात. मी काही बोलत नाही.

फेब्रुवारीच्या श्राद्धाला मी येते आहे. कोसुकेला घेऊन. गुरुजींना दिवस धरायला सांगा आणि समाधीचा दगड सरकवायला जो कुणी लागतो त्यालाही.

का, ते सांगते, कारण तुम्ही विचारणार नाही. मला तो देववत नव्हता, त्याचं मी तुम्हाला अर्धंच खरं लिहिलं होतं. घरात कुणी नाही हे खरं. पण दुसरं हेही होतं, की कलश दिला की तुम्ही माझ्या कोण, हे मला कळत नव्हतं. मूल नाही. नवरा नाही. कागदावर एक आडनाव उरतं, तेही कचेरीत जाऊन एक अर्ज केला की सुटतं. लोक करतात. मला वाटायचं, तुमचं माझ्याकडे काहीतरी अडकलेलं आहे म्हणून तुम्ही लिहिता. ते दिलं की खोकी येणं थांबेल.

दवाखान्यातल्या त्या पहिल्या रात्री नर्स आली. तुम्ही डोळे मिटून पडला होता, ओठ कोरडे, मला वाटलं शुद्ध नाही. नर्सने मला विचारलं, "पेशंटच्या तुम्ही कोण?" म्हणणार होते, त्यांच्या मुलाची बायको होते. तेवढ्यात तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "सून आहे माझी. दुसरं कोण येणार?" आणि परत झोपलात. तुम्हाला हे आठवत नसणार. मी ते कुणालाही न सांगता साप्पोरोला घेऊन आले.

घरी आल्यावर दार उघडून नेहमीसारखं "मी आले" म्हटलं. कपाटावर तो होता. मला त्याला कुठेतरी पोचवायचं राहिलं आहे, असं पहिल्यांदाच वाटलं.

तुमची,
शिओरी


मिनाबे, ११ मार्च २०१९

चि. शिओरीस आशीर्वाद.

उमेचा फुलोरा संपला. डोंगर पांढरा होता तो पुन्हा नुसता डोंगर झाला.

तू गेल्यावर मी रोज वर समाधीपर्यंत चढून जाते. माएगावा म्हणतो, "काकू, रोज काय, तो पळून जातोय का?" मी म्हटलं, "त्याचा भरवसा नाही." उदबत्ती लावते, बापलेकांना बागेतलं सांगते आणि उतरते. वाटलं होतं त्याला आणल्यावर घर भरेल. भरलं नाही. तो वर आहे, मी खाली आहे. आणि तू रिकाम्या कपाटापुढे "मी आले" म्हणत असशील. हे मला आधी सुचायला हवं होतं.

तू महिनाभर लिहिलं नाहीस. मी मनाशी म्हटलं, चला, संपलं. मी कुणाला दोष दिला नाही. मग काल तुझं पाकीट आलं. आत तीन ओळी. बर्फ वितळतोय, ओकुईची नोकरी लागली, उंदरांची नवी पिल्लं झाली. काही मागितलेलं नाही, काही विचारलेलं नाही. उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

आता तुझ्याकडे माझं काही राहिलेलं नाही, शिओरी. आणि तो अर्ज तुला कधी करावासा वाटला तर कर. तू चाळीसचीही नाहीस, मी मनात काही आणणार नाही. सून ती सूनच, कचेरीला काय कळतं.

उजव्या हाताची मूठ अजून पुरी वळत नाही. डॉक्टर म्हणतात एवढीच वळेल. जूनमध्ये फळं पडायला लागतील, ती वाकून वेचायची, धुवायची, मीठ लावून बरण्यांत भरायची. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मला कुणाची गरज नाही. तुलाही किती वेळा लिहिलं. डाव्या हाताने लिहिलेलं खोटं फार वाईट दिसतं, म्हणून खरं लिहिते.

मला एकटीने होत नाही. ये.

आई